रंभाबाईचं वाढलेलं घर

वैनखेड्याच्या बसस्थानकावर, जुन्या पत्र्याच्या शेडखाली, सिरोंच्याकडच्या गाड्या लागतात त्या टोकाला रंभाबाई राहत असे. 'राहते' हे इतरांचं म्हणणं. तिला विचारलं तर ती नुसती बसलेली असे, गाडीची वाट पाहत. कोणती गाडी ते ती सांगत नसे, आणि उन्हाळ्यात आलेली ती हिवाळा लागला तरी एकाही गाडीत चढली नव्हती.

सकाळी उठली की ती शेड झाडायची. आपल्या कोपऱ्यापुरतं नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्थानकाचा सफाईवाला मग आरामात यायचा आणि तिने झाडलेल्या जागेवर उभा राहून तंबाखू मळायचा. झाडून झालं की ती धनराजच्या टपरीवर कप विसळायला जाई. धनराज तिला चहा देई, दुपारी उरलेले तर्री-पोहे देई, आणि दिवसभर तिची थट्टा करी. थट्टेला कारण तिची भाषा.

आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. घरातले तांदूळ संपले तर ते वाढले म्हणायचे. जे तुटलं, संपलं, गेलं, त्याचं नाव उलटं घ्यायचं, म्हणजे वाईट बोललेलं घराला लागत नाही. बहुतेक घरांत ही रीत आता म्हाताऱ्या सासवांपुरती उरली आहे. रंभाबाईने मात्र ती जन्मभर इतकी घट्ट धरली होती की बांगडीवरून रीत चपलेवर गेली आणि चपलेवरून कपावर. तिच्या हातून कप फुटला की ती शांतपणे सांगे, "धनराजभाऊ, एक कप वाढला."

"बाई, तुमच्या बोलन्यात सारंच वाढते," धनराज म्हणे. "माह्या दुकानातले कप तेवढे कमी होऊन राह्यले."

तिच्या गावी, नदीकाठच्या बोळेगावात, याच गोष्टीसाठी तिला मान होता. कुणाच्याही घरी लग्न निघालं की रंभाबाईला आधी बोलावणं जाई. स्वयंपाकाला नव्हे, गाण्यालाही नव्हे. कुठे काय बोलू नये हे तिला कळत असे, म्हणून. एका लग्नात ऐन वेळी हळद संपली आणि एक पोरगी ते मांडवातच ओरडून सांगणार, तोच रंभाबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. ही आठवण गावातल्या बायका पुढे कितीतरी वर्षं काढत. नवरा तरणाताठा आजारपणात गेला. तो मेला असं ती कधीच म्हणाली नाही, पुढे गेला म्हणाली. धानाच्या रोवणीची मजुरी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणं, यावर तिने एकुलत्या एका पोराला, रोशनला, वाढवलं.

घर मातीचं होतं, वर कवेलूंचं छप्पर. वैनगंगेला मोठा पूर आला त्या पावसाळ्यात पाणी घरात शिरलं, आणि उतरलं तेव्हा भिंती खाली बसल्या होत्या. घराखालची जागा कधी नावावर झालेली नव्हती, त्यामुळे घरकुलाच्या रांगेत नावही लागेना. माय-लेक समाजमंदिरात राहिले. पौष लागला तसा रोशन मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या टोळीबरोबर गेला. येऊन भिंती उचलतो, असं सांगून गेला. टोळी उन्हाळ्यात परत आली, तो आला नाही. बरोबरचे लोक म्हणाले की तो दुसऱ्याच कुण्या ठेकेदाराबरोबर पुढच्या कामाला गेला. कुठे ते त्यांना ठाऊक नव्हतं. तो रातोरात कुणालाही न सांगता गेला होता, आणि त्याचा फोन तेव्हापासून बंद होता. समाजमंदिरात लग्नं सुरू झाली, तेव्हा रंभाबाई आपलं गाठोडं घेऊन वैनखेड्याच्या स्थानकावर आली. तेलंगणातून सिरोंच्यामार्गे येणारा माणूस उतरेल तो इथेच, एवढा तिचा हिशेब.

नागसेन हा नगर परिषदेतला कंत्राटी समुदाय संघटक. उघड्यावर झोपणाऱ्या माणसांना शोधायचं आणि परिषदेच्या निवाऱ्यात आणायचं, हे त्याचं काम. ब्रह्मपुरीला शिकलेला, समजुतीचा मुलगा. त्याचे वडील शाळामास्तर. घरात शकुन-अपशकुनाला थारा नव्हता. मांजर आडवं गेलं तर वडील मुद्दाम दोन पावलं पुढे टाकत आणि मुलांनाही टाकायला लावत.

पावसाळ्यापूर्वी बेघरांची मोजणी झाली, तेव्हा नागसेनने तिला विचारलं होतं, बाई, तुम्हाला घर आहे का?

"हाये ना. बोळेगावले," ती म्हणाली.

तो पुढच्या माणसाकडे वळला. दिवाळीनंतर एकदा टपरीवर चहा पिताना धनराजने सहज सांगितलं, तेव्हा त्याला कळलं की ते घर पुरात गेलं. कप तसाच ठेवून तो उठला आणि तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"बाई, घर पडलं म्हणे तुमचं."

रंभाबाईच्या कपाळावर आठी पडली. "पडलं नाई, बाबू. वाढलं."

नागसेनला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्याने तिला निवाऱ्याबद्दल सांगितलं. जुन्या जकात नाक्याची इमारत नीट करून परिषदेने तिथे खाटा टाकल्या होत्या. बायकांची खोली वेगळी होती. अंघोळीला पाणी होतं. बचत गटाच्या उर्वशीताई तिथलं सगळं पाहत आणि रात्री कुणाला उपाशी झोपू देत नसत. रंभाबाईने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं की तिथे कोण लोक राहतात. ज्यांना घर नाही ते, असं नागसेन म्हणाला.

"मंग तं मले नाई जमत. मले घर हाये."

"पण ते तर..."

"लेकरू वाटेवर हाये, बाबू." ती त्याला समजावून सांगू लागली, लहान पोराला सांगावं तसं. "वाटेवरच्या मानसाच्या मागं घर नाई म्हनू नये. माह्या तोंडून घर नाई म्हनून निघालं, तं तो येईन कुठी?"

यावर बोलण्यासारखं नागसेनकडे पुष्कळ होतं. घरी असता तर बोललाही असता. तिथे त्या पत्र्याखाली तो उठला आणि धनराजचे चहाचे पैसे द्यायला गेला.

थंडी वाढली तशी एक बातमी आली. नवं बसस्थानक होणार होतं आणि जुनी शेड पाडायची होती. पाडण्याआधी भोवती पत्रे ठोकून जागा बंद होणार होती. शेडमध्ये झोपणारे बाकीचे एकेक करून निवाऱ्यात गेले. उरली रंभाबाई, आणि निवाऱ्यात बायकांच्या खोलीत मोकळी खाट एकच होती.

खाट मिळायला एक नियम होता. मागच्या हिवाळ्यात गावात घर असलेले, पण घरच्यांशी भांडून आलेले दोघे-तिघे निवाऱ्यात महिनाभर राहिले आणि खऱ्या गरजूंना जागा मिळाली नाही, अशी ओरड झाली होती. तेव्हापासून मुख्याधिकारी साहेबांनी ठरवलं होतं की खाट मागणाऱ्याने सोमवारी स्वतः त्यांच्यापुढे यावं आणि आपल्या तोंडाने 'मला घर नाही' असं सांगावं. साहेब नाशिककडचे, नागसेनच्याच वयाचे. वाईट माणूस नव्हता. लोक कागदावर काहीही लिहून देतात, पण समोर उभं राहून खोटं बोलणं जड जातं, असं त्यांचं मत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या नियमाने भांडकुदळ लोक आपोआप गळले होते. नियम चांगलाच होता.

सोमवारी नागसेनने रंभाबाईला आपल्या गाडीवर मागे बसवून नेलं. साहेबांना भेटायचं म्हणून तिने नळावर लुगडं धुऊन वाळवलं होतं. वाटेत त्याने तिला बजावलं की साहेब विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. ती म्हणाली, खोटं मी कधी बोलली?

कचेरीत लोक दारापर्यंत उभे होते. साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीशेजारी खाली बसली.

"आजी, तुमचं घर आहे का?"

"हाये ना, साहेब."

साहेबांनी नागसेनकडे पाहिलं. नागसेन म्हणाला, बाई, पुरात घराचं काय झालं ते सांगा साहेबांना.

"वाढलं," रंभाबाई म्हणाली.

"वाढलं? म्हणजे खोल्या काढल्या?"

"नाई जी. पुरात वाढलं. सारंच वाढलं, भिंती, कवेलू, चूल."

पुरात लोकांची घरं जातात, या बाईचं वाढलं कसं, हे साहेबांना कळेना. दारातला एक जण म्हणाला की असा पूर आमच्याही गावाले धाडा, आणि लोक हसले. नागसेनने घाईघाईने त्या शब्दाचा अर्थ सांगितला. तेव्हा साहेबही हसले, पण चांगलं हसले. माझी आई बांगड्यांना असंच म्हणते, असं म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आवाज उतरवला.

"आजी, मला समजलं. पण हे इतके लोक उभे आहेत, प्रत्येकाला आपल्या तोंडाने सांगावं लागतं. तुम्हाला सोडलं तर यांना काय सांगू? एकदाच म्हणा, मला घर नाही. लगेच खाट देतो."

रंभाबाईने ओठ मिटून घेतले.

नागसेन तिच्याजवळ खाली बसला आणि हळू आवाजात विनवू लागला. शेड उद्या-परवा बंद होणार, थंडी कडाक्याची, खाट एकच उरलेली. ती मान हलवत राहिली. "दुसरं काईही म्हनतो, बाबू," ती पुटपुटली, "दुसरं काई म्हनाले सांग." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मागे कुणीतरी खोकलं. पुढच्या माणसाला बोलवा, असं ते म्हणणार हे नागसेनला दिसलं आणि तो उठून उभा राहिला.

"साहेब, मी सांगतो. रंभाबाईला घर नाही. घर पडलं. बोळेगावात आता त्या घराची एक भिंतही उभी नाही."

वाक्य अगदी खरं होतं, आणि ते बोलताना त्याला काही वाटलंही नाही. शब्दाने कुणाचं काही बिघडत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तुम्ही जबाबदारी घेता का, असं साहेबांनी विचारलं. तो घेतो म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. खाट मिळाली.

नागसेन आनंदाने वळला तेव्हा रंभाबाई उठत होती. ती ओरडली नाही, रडली नाही. मयताच्या घरात शिरताना बायका धरतात तसा तिने पदर तोंडावर धरला आणि लोकांमधून वाट काढत बाहेर गेली. तो मागून गाडी घेऊन गेला. ती गाडीवर बसली नाही. रस्त्याच्या कडेने स्थानकापर्यंत चालत गेली आणि तो गाडी ढकलत तिच्याबरोबर चालत राहिला. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

निवाऱ्यात ती आली नाही. शेडभोवती पत्रे ठोकले गेले तेव्हा गाठोडं उचलून ती जीपच्या थांब्यावर गेली. हा थांबा गावाबाहेरच्या वळणावर, करंजीच्या झाडाखाली. आसरा म्हणून तिथे झाडच. सिरोंच्याकडून भरून येणाऱ्या जीपगाड्या तिथे थांबत.

नागसेन घोंगडी घेऊन गेला. तिने ती घेतली नाही. त्याने ती जवळ ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती तशीच घडी घातलेली, दवाने भिजलेली, तिथेच पडून होती. तो बोलला की ती रस्त्याकडे पाहायची. तिला खोकला लागला होता. टपरीवर कप विसळायलाही ती आता जाईना, म्हणून धनराजच दुपारी पोह्याचा पुडा पाठवी. परिषदेचा माणूस तिथे उभा दिसला तर ती तो पुडाही उघडत नसे.

त्याने काय काय करून पाहिलं. थांब्यावर निदान एक पत्र्याचा आडोसा टाकू द्या, असं तो साहेबांना म्हणाला. साहेबांनी नकाशा काढून दाखवला, ते वळण परिषदेच्या हद्दीत येत नव्हतं. त्याने बोळेगावच्या सरपंचांना फोन केला. बाई आता शहरात राहते, तिचं तुम्हीच पाहा, असं उत्तर आलं. रंभाबाईला तुम्हीच समजावून घेऊन या, असं त्याने उर्वशीताईंना सांगून पाहिलं.

"खाट तं तिचीच हाये, नागसेनभाऊ, कोन नाई म्हनते?" त्या म्हणाल्या. "पन तिले उचलून आनू का मी? अन् तुमीच सांगा, बाहेर दुसरी बाई उभी हाये लेकराले घेऊन. मोकळ्या खाटेकडे पाहून राह्यली. तिले काय सांगू?"

खरं होतं तेही. प्रत्येकाने आपापल्या परीने जे करायचं ते केलं होतं. खाट होती, घोंगडी होती, माणसं चांगली होती, आणि म्हातारी झाडाखाली खोकत होती.

शेवटी धनराजने त्याला टपरीवर थांबवलं. "तुमाले मालूम हाये का, बाई तुमच्याशी काऊन नाई बोलत?"

नागसेनला अंदाज होता.

"ते म्हनते, त्यानं माह्या घराले नाई म्हटलं. साऱ्या लोकायसमोर. आता माह्यं पोरगं येत नाई." धनराजने कप पुसून ठेवला. "मी म्हटलं बाई, तो शिकलेला पोरगा, तो हे मानत नाई. तं म्हनते, तो मानत नाई, पन बोलला तं तोच ना."

नागसेन थांब्यावर गेला. उन्हं उतरली होती. यावेळी तो तिच्यासमोर न बसता तिच्या बाजूला बसला, ती ज्या रस्त्याकडे पाहत होती त्याच रस्त्याकडे तोंड करून. मग त्याने विचारलं, बाई, मी काय करू म्हणजे तुम्ही घोंगडी घ्याल?

"तू म्हटलं, तूच फिरव," ती लगेच म्हणाली. इतके दिवस ती हेच विचारायची वाट पाहत असावी. "तिथीच म्हन. त्याच साहेबासमोर."

"फिरवलं तर खाट जाईल."

"जाऊ दे."

"थंडी फार आहे, बाई."

"घर असन तं तो येईन. आला तं बांधन. नाईच म्हटल्यावर कशाले येईन?"

रात्री घरी त्याने वडिलांना विचारलं. शकुन न मानणाऱ्या मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की तू खरं बोललास, यात तुझी चूक नाही. आणि त्यांनी विचारलं, बाईचा खोकला कसा आहे.

सोमवारी तिला घेऊन तो पुन्हा साहेबांच्या दारात उभा राहिला. या वेळी ती गाडीवर बसून आली. खोलीत ती आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"साहेब, मागे मी चुकीचं सांगितलं," नागसेन म्हणाला. "रंभाबाईला घर आहे. बोळेगावला."

"मागे तुम्ही जबाबदारी घेतली होती."

"हो."

"मग आज?"

"घर आहे, साहेब."

साहेबांनी मान वर केली, दारातल्या म्हातारीकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांना कळलं असावं. पण कळून करण्यासारखं त्यांच्याकडेही काही नव्हतं, निवाऱ्याबाहेर थांबलेली ती बाई आज लेकराला कडेवर घेऊन समोर उभी होती. मग खाट यांना द्यावी लागेल, असं ते म्हणाले. नागसेन हो म्हणाला.

बाहेर आल्यावर रंभाबाईने दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. तिचे हात गार पडले होते. तिने आपण होऊन घोंगडी मागितली आणि तिथल्या तिथे खांद्यावरून ओढून घेतली. तिचा चेहरा असा मोकळा झाला होता की पाहणाऱ्याला वाटावं, कचेरीत म्हातारीचं मोठं काम झालं.

नागसेनने गाडी सुरू केली. कुठे सोडू, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही. तो वळणावर आला आणि करंजीखाली तिला उतरवून उभा राहिला. जायला पाय निघेना, आणि थांबून काय करायचं तेही कळेना.

इतक्यात सिरोंच्याकडून एक जीप आली, टपावर गाठोडी बांधलेली, मजुरांनी खचाखच भरलेली. रंभाबाई घोंगडी सावरत उठली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. माणसं एकेक करून उतरू लागली. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून पाही आणि बाजूला होई. नागसेनने रोशनला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी तोही गाडीवरून उतरला, तिच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पाहू लागला.